गरम लागतंय का?

"गरम लागतंय का?" मी विचारलं.

"नाय गो," काकी म्हणाल्या. "सोड तू."

पळीतलं मुठेल पूर्ण वितळलं होतं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप. बिया वाळवून कुटायच्या, कूट पाण्यात उकळायचा, वर आलेला तवंग काढून थंड करायचा आणि मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करायचे. कुडाळपासून सात किलोमीटरवर मनोरमा धुरी यांचा मुठेलाचा छोटा कारखाना होता. त्यांना सगळे काकी म्हणत. अकरा बायका तिथं कामाला होत्या, बारावी मी. मी मूळची आजऱ्याची. नवऱ्याची नोकरी कुडाळच्या एमआयडीसीत लागली म्हणून कोकणात उतरले होते. शिक्षण बी.कॉम. असल्यामुळे पत्रं, लेबलं, ऑर्डरी असलं लिहायचं काम माझ्याकडे होतं. आता या सगळ्याला सतरा वर्षं झाली.

गणपतीनंतरचा आठवडा होता. दुपारची जेवणं झाली होती आणि बायका मागच्या पडवीत आडव्या झाल्या होत्या. काकी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा उजवा पाय जुन्या टॉवेलवर, माझ्या मांडीवर होता. टाच पांढुरकी, कोरडी ठणठणीत, आणि भेगा एवढ्या खोल की एकेकीत काडेपेटीतली काडी आडवी बसली असती. करंगळीच्या बुडाशीही एक भेग होती. तिथली कातडी सुकलेल्या गोंदासारखी सुटून आली होती.

काकींना नऊ वर्षांपासून शुगर होती. गोळ्या त्या घ्यायच्या, पण शुगर म्हणजे रक्ताचा आजार, त्याचा पायांशी काय संबंध, असं त्यांचं मत. "माज्या पायांक घामच येना नाय," असं त्या थोड्या अभिमानानंच सांगायच्या. "चपला कशा नव्या ऱ्हवतत बघ."

मी टाचेच्या मोठ्या भेगेत मुठेलाची बारीक धार सोडली. मग दुसऱ्या भेगेत.

"लागतंय का?"

"अगो नाय म्हटलंय मा."

पळी पुन्हा निखाऱ्यावर धरली. करंगळीकडे वळताना एक थेंब माझ्याच बोटाच्या पेरावर पडला. मी हात झटकला, बोट तोंडात घातलं. चांगलाच चटका होता. दुसऱ्या दिवशी तिथं फोड आला.

"काकी, खरंच काही लागत नाही तुम्हाला?"

त्या हसल्या. "नाय गो. तुमी घाटावरची माणसां नाजूक. आमची कातडी जन्मभर कातळार घासलेली."

मी करंगळीच्या बुडाशी उरलेलं सगळं मुठेल सोडलं, आणि आम्ही कामाला लागलो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात आले तेव्हा शहाबादी फरशीवर ओल दिसली. कुणाकडून तरी पाणी सांडलं असावं म्हणून मी फडकं आणलं. पुसायला वाकले तेव्हा दिसलं की ते चपलेचे ठसे होते. एकाच पायाचे, उजव्या. दारापासून चुलाणापर्यंत, चुलाणापासून गोळे वळायच्या टेबलापर्यंत. त्यांचा रंग पाण्याचा नव्हता, किंचित पिवळसर होता.

काकी टेबलाशी उभ्या राहून बायकांना काहीतरी सांगत होत्या.

"काकी, जरा बसा."

"कित्याक?"

"पाय बघू."

टाचेवरचा फोड कातडीसकट फाटून चपलेला चिकटला होता. खालचं मांस लाल होतं. करंगळी सुजून काळपट निळी झाली होती. एक बाई "अगो बाय माझे!" म्हणून ओरडली. काकींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पाय उचलून, मान वाकडी करून तळवा बघायचा प्रयत्न केला. तो त्यांना पुरता दिसला नाही. पण चपलेवरचं दिसलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्या घाबरल्या नव्हत्या. कोणी पाहिलं आणि कोणी नाही, हे त्या बघत होत्या.

मी त्यांना रिक्षात घालून कुडाळला नेलं. दवाखान्यात डॉ. तांबोळी नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. बोलणं मोजकं. त्यांनी जखमेवरचं सगळं साफ केलं. बघणाऱ्यालाच घेरी यावी असं ते काम होतं. काकी तेवढ्या वेळात भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

"कशानं भाजलं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं.

"आंघोळीचं पाणी," काकी म्हणाल्या. बाहेरच्यांशी त्या नेहमी शुद्ध मराठीत बोलत. "बंबातलं काढताना पायावर सांडलं."

"कधी?"

"परवा."

"आणि आज आलात?"

"कामं होती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझं फोड आलेलं बोट पदराखाली घेतलं.

मग त्यांनी खणातून एक लहानशी काडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा ताठ दोरा होता, माशाच्या गळाला असतो तसा. "डोळे मिटा," त्या काकींना म्हणाल्या. "मी तळव्याला दोरा टेकवीन आणि 'आता' म्हणेन. कळलं तर हो म्हणा, नाही तर नाही."

काकींनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी अंगठ्याखाली दोरा टेकवला. तो वाकेपर्यंत दाबला. "आता?"

"हो."

चवड्यावर. "आता?"

"हो."

डाव्या पायाला. "आता?"

"हो, हो."

मग डॉक्टरांनी हात मागे घेतला. दोरा काकींच्या पायापासून वीतभर लांब, हवेत होता. "आता?"

"हो," काकी म्हणाल्या.

डॉक्टरांनी तसंच आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा काकी हो म्हणाल्या. मी डॉक्टरांच्या मागे उभी राहून ते पाहत होते. त्या दुपारी माझ्या मांडीवर पाय ठेवून काकी तीनदा 'नाय' म्हणाल्या होत्या, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

"उघडा डोळे," डॉक्टर म्हणाल्या. "पायांना घाम येतो?"

"नाही."

"किती वर्षं?"

"पाच-सहा."

"शुगरनं नसा बधिर होत जातात. घाम आणणाऱ्या नसाही त्यातच. घाम नाही म्हणून कातडी कोरडी पडते, कोरडी म्हणून फाटते, आणि फाटलेलं तुम्हाला कळत नाही. भेगेतून जंतू आत गेले तरी कळत नाही. पाणी सांडलं तेव्हा दुखलं होतं?"

काकी म्हणाल्या, "थोडं."

त्यांना अकरा दिवस ठेवून घेतलं. टाच वाचली. करंगळी वाचली नाही, ती पाचव्या दिवशी काढावी लागली.

काकींचा मुलगा सुहास डोंबिवलीहून आला. आई एकटी राहते, उकळत्या चुलाणांत वावरते, हे त्याला आधीपासून मान्य नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो मला म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून वेळेवर आणलंत. नाहीतर पाय गेला असता. तुमचे उपकार आहेत." मी चहाचे कप उचलले आणि धुवायला गेले. आठ दिवस राहून, घरातला बंब काढून तिथं गिझर बसवून तो गेला. जाताना आईला म्हणाला, "या वेळी पाणी सांडलं म्हणून सोडतोय. आणखी काही झालं तर कारखान्याला कुलूप आणि तू माझ्याकडे."

"बरां," काकी म्हणाल्या.

काकींनी मला वाचवलं, असं मी धरून चालले होते. त्यांनी खरं सांगितलं असतं तर त्यांच्या करंगळीचा हिशेब माझ्या नावावर लागला असता. सुहासनं मला तिथं ठेवलं नसतं. मी आभार मानले नाहीत, कारण मानले तर झालेलं तोंडानं बोलावं लागलं असतं. त्याऐवजी मी कामाला लवकर यायला लागले आणि उशिरा जायला लागले.

जखम भरायला डिसेंबर उजाडला. डॉक्टरांनी शेवटचं ड्रेसिंग काढलं त्या दिवशी मी सोबत होते. त्यांनी युरियाचं एक मलम लिहून दिलं आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. पाय कोमट पाण्यानं धुवायचे. पाणी किती गरम आहे ते पायानं नाही, कोपरानं बघायचं, आणि शक्यतो दुसऱ्या कुणीतरी. पाय पाण्यात बुडवून बसायचं नाही. टिपून कोरडे करायचे आणि थोडी ओल असतानाच मलम लावायचं, दिवसातून दोनदा. बोटांच्या बेचक्यांत लावायचं नाही, तिथं ओल धरते आणि कुजतं. ब्लेड, दगड, कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्या काही नाही. आणि रोज तळवा बघायचा.

"मुठेल?" मी विचारलं.

"गार, बोटानं चोळून लावलं तर चालेल. उघड्या भेगेत नाही. आणि गरम करून तर कधीच नाही." त्या थांबल्या. "का विचारताय?"

"आमच्याकडे तेच बनतं," काकी म्हणाल्या. "म्हणून."

मी काकींना म्हटलं, रोज सकाळी मी तळवा बघत जाईन. त्या म्हणाल्या, आरसा आणलाय, मी बघतंय माझा. आणि पायमोजे चढवले. तेव्हापासून त्यांचा पाय कुणाला दिसला नाही.

मुठेलाच्या प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी असे. ती मी लिहिली होती. काकींनी तोंडी सांगितलं आणि मी त्याची वाक्यं केली: 'मुठेल पळीत वितळवून गरम असतानाच भेगांत सोडावे. तीन दिवसांत आराम.' जानेवारीत कोल्हापूरला बचत गटांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी पुड्या बांधायला घेतल्या तेव्हा मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काकींच्या समोर ठेवला.

"ही बदलायला हवी."

"कित्याक?"

"शुगर असलेल्यांनी गरम लावू नये, एवढं एक वाक्य घालू."

"म्हणजे लोक म्हणतले, हेच्यात कायतरी वायट असा."

"वाईट नाही म्हणून सांगू. गरम नको, एवढंच."

"माजी आवस असाच लावी. तिची आवस असाच लावी. कोणाक काय झाला?"

तुम्हाला झालं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण तुम्हाला झालं म्हटलं की कुणी केलं हेही आलं. अकरा बायका मान खाली घालून पुड्या बांधत होत्या. मीही बांधायला लागले. प्रत्येक पुडीत माझ्या हातानं ती चिठ्ठी घातली.

कोल्हापुरात आमचा स्टॉल दुसऱ्या रांगेत होता, लोणच्यांच्या आणि नाचणीच्या पापडांच्या मध्ये. काकी मागे खुर्चीवर बसल्या होत्या. बंद बूट, पायमोजे. मी पुढे. थंडीचे दिवस होते, टाचा फुटायचाच हंगाम, आणि मुठेल खपत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास एक पन्नाशीचा माणूस आला. राधानगरी भागातला, मिरची-मसाल्याचं दुकान असावं, कारण कपड्यांना वास येत होता. त्यानं गोळा हातात घेऊन हुंगला.

"सहा द्या. आईसाठी पाहिजेत. टाचा पार उललेल्या हायत तिच्या. शुगर हाय तिला, काही केल्या भरंनात."

मी सहा पुड्या काढल्या. पिशवीत घातल्या. पिशवी त्याच्या हातात द्यायच्या आधी माझा हात थांबला.

"गरम करून लावू नका," मी म्हटलं.

मागे खुर्ची वाजली.

"आँ?" तो म्हणाला. त्यानं एक पुडी उघडून चिठ्ठी काढली, चष्मा कपाळावर चढवून लांब धरून वाचली. "ह्यात तर लिहिलंय, गरम असतानाच सोडावे."

"ते मीच लिहिलंय. चुकलंय ते."

"चुकलंय कसं? आमच्याकडंबी गरमच लावत्यात."

"शुगरवाल्यांना नको."

"का? काय होतं?"

"भाजतं."

तो हसला. वाईट हसला नाही, समजूत काढल्यासारखा हसला. "ताई, भाजलं तर आई सांगंल की. ती काय ल्हान पोरगी हाय?"

यावर माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते माझं एकटीचं नव्हतं. मी पिशवी धरून उभी राहिले. त्यानं हात पुढे केला होता.

"नाही सांगणार ती," मागून काकी म्हणाल्या.

मी वळले. त्या वाकून बुटाची पट्टी सोडत होत्या. बूट काढला. पायमोजा काढला. मग खुर्ची तशीच पुढे सरकवून त्यांनी उजवा पाय टेबलावर ठेवला, मुठेलाच्या गोळ्यांच्या शेजारी. टाचेवर तळहाताएवढी चकचकीत, आवळलेली कातडी होती. करंगळीच्या जागी एक गाठ होती. पापडवाल्या बाईनं तोंडाला पदर लावला. दोन-तीन गिऱ्हाइकं थांबली.

"ह्या मुठेलान झालाहा," काकी म्हणाल्या. शुद्ध बोलणं आपोआप सुटलं होतं. "मीच केलेल्या. गरम करून भेगेत सोडला. हिना तीनदा विचारल्यान, गरम लागता काय म्हणान. मी तीनदा नाय म्हटलंय."

"मंग लागत नव्हतं तुमाला?" त्या माणसानं विचारलं.

"माका कळनाच नाय. चार वर्षां झाली. पायार कायच कळना नाय. ता मी कोणाक सांगूक नाय."

तो माणूस पायाकडे बघत राहिला. पिशवीसाठी पुढे केलेला हात त्यानं केव्हाच खाली घेतला होता.

"मग लावू काय मी तिला?" तो म्हणाला. या वेळी आवाज वेगळा होता.

"सांग तेका," काकी मला म्हणाल्या.

मी सांगितलं. कोमट पाणी, कोपर, टिपून घेणं, बेचक्या सोडून मलम, रोज तळवा बघणं. आधी डॉक्टरांकडून दोऱ्याची तपासणी करून घ्या म्हटलं. त्यानं पेन मागून चिठ्ठीच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं. सहापैकी एकच गोळा ठेवला, म्हणाला, "माझ्या बायकोला. तिला शुगर न्हाई." जाता जाता तो वळून काकींना म्हणाला, "आईला इचारलं पाहिजे. तीबी न्हाईच म्हणती सारखी."

तो गेल्यावर आम्ही दोघींनी उरलेल्या सगळ्या पुड्या उघडल्या आणि चिठ्ठ्या काढून घेतल्या. त्या दिवशी खप झाला नाही. त्या वर्षीही फारसा झाला नाही. दोन बायकांना दुसरीकडे काम शोधावं लागलं.

तिसऱ्या दिवशी टेम्पोनं परत निघालो. दाजीपूर मागे पडलं, फोंडा घाट उतरायला लागलो. ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी.

"तुका कधी कळला?" काकींनी विचारलं.

"डॉक्टरांनी दोरा न टेकवता विचारलं तेव्हा."

"टेकवल्यान नाय?"

"तीनदा नाही टेकवला. तिन्ही वेळा तुम्ही हो म्हणालात."

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. एका वळणानंतर म्हणाल्या, "मगे इतक्या दिवसांत बोललंस नाय ता?"

"तुम्ही माझ्यासाठी पाण्याचं सांगितलंत. मी काय बोलणार?"

"तुज्यासाठी?" त्यांनी मान वळवली. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तुज्यासाठी नाय गो. मुठेल सोडला म्हणान सांगलंय असता, तर डॉक्टर विचारतली, इतक्या गरम होता तर पाय मागे घेवक नाय कित्याक? मगे सुहासाक कळतला. मगे डोंबिवली. चौथो माळो. थंय मी काय करतलंय?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तुजा माज्या मनातपण येवक नाय. खोटा कित्याक सांगू?"

चार महिने मी लवकर येत होते आणि उशिरा जात होते. मी हसले की काय ते आठवत नाही. ड्रायव्हरनं मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं.

"आता सुहासना सांगणार?" मी विचारलं.

"सांगतलंय. कोणीतरी सांगूच्या आधी मीच सांगतलंय."

त्यांनी त्या रात्री फोन केला असावा. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सुहास पुढच्या आठवड्यात आला, दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. चुलाणांपाशी काकींनी जायचं नाही, एवढं मात्र ठरलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या. गेल्या त्या हृदयविकारानं. उरलेली नऊ बोटं शेवटपर्यंत शाबूत होती.

कोल्हापूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या चिठ्ठीचा मजकूर लिहीत बसले होते. काकी आल्या. समोरची खुर्ची ओढून बसल्या, बूट काढला, मोजा काढला आणि काही न बोलता पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"आरसा आणलाय म्हणाला होतात ना?" मी विचारलं.

"आणलंय. पण माजी नजर थंयपर्यंत पोचना नाय," त्या म्हणाल्या. "तू बघ आणि सांग."

मी पाय उजेडाकडे वळवला. आधी बेचक्या पाहिल्या, मग चवडा, मग टाच. टाचेच्या आतल्या बाजूला नखाएवढी एक नवी भेग पडली होती. मी सांगितलं.

"खंय?"

मी तिथं बोट ठेवलं. त्यांनी वाकून माझं बोट कुठं आहे ते पाहिलं, आणि तेवढी जागा लक्षात ठेवली.